गुंतवळ

अल नहदा, शारजा
१८ जानेवारी २०२४

शोभनावन्सं,

इथूनच तुमच्या पायाला हात लावते. व्हॉट्सअॅप सोडून ही कागद-पेनाची नाटकं कशाला, असं तुम्ही म्हणणार, म्हणून आधीच सांगते. फोनवर बोलताना नीलेश शेजारी बसलेला असतो आणि मला जे सांगायचंय ते त्याला इतक्यात कळायला नको आहे. आपल्या वाडीतला गणू इथे अल क्वोजच्या लेबर कॅम्पमध्ये राहतो. त्याच्या खोलीतलं कुणी ना कुणी महिन्याकाठी सुटीवर कुडाळला येतं. त्यांच्या सामानातून हे पत्र येईल. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

तर बातमी अशी की मी पुन्हा वेण्या घालायला लागले. लग्नानंतर व्हिसा येईपर्यंत तुमच्या पार्लरमध्ये बसून खोपा आणि पाचपेडी वेणी शिकले, ती निव्वळ वेळ जावा म्हणून. इथे अल मनखूलला एक लेडीज सलून आहे. शेजारणीबरोबर गेले होते, तिच्या मुलीची वेणी बसल्या बसल्या मी घातली, तर आतून एक उंच बाई आली आणि माझा हात धरून उलटासुलटा बघायला लागली. ती वांजिरू. केनियाची आहे, सलूनमधल्या ब्रेडिंगचं सगळं काम तिचं. म्हणाली, "तुम्हारा फिंगर अच्छा है. टेन्शन बराबर है." केस किती ओढायचे ते बोटांना कळतं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, नणंदेने चापट्या मारून शिकवलंय.

आता नीलेश ऑफिसला गेला की आठवड्यातून तीन सकाळी मी तिथे जाते. कॉर्नरो म्हणजे टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या बारीक वेण्या, त्या जमायला लागल्यात. पण शिकणं वेगळं आणि काम करणं वेगळं. लायसन्स सलूनचं असतं, पण खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या बाईचे कागदही लागतात, नाहीतर तिच्यासकट सलून बंद. घरी बोलावून कुणाच्या वेण्या घातल्या तर तोही गुन्हा. मालकीणबाई म्हणाल्या, जूनमधली परीक्षा पास हो, मग मी तुला सलूनच्या व्हिसावर घेते. दोन वर्षांनी शिकवायलाही उभी राहू शकशील. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई. माझ्या स्वतःच्या नावाचं कार्ड, ही कल्पनाच मला अजून खरी वाटत नाही.

एकच अडचण. परीक्षेला प्लास्टिकचं डोकं आणि त्यावर लावायला खऱ्या माणसाचे लांब केस आपले आपण न्यायचे. गंगावन करणारं कुणी तिकडे अजून आहे का?

माझेच केस वापरले असते, पण फार गळतायत. इथलं पाणी समुद्राचं, मशीनमधून काढलेलं. इथल्या सगळ्या बायकांची हीच रड आहे.

नीलेशला पास झाल्यावरच सांगायचंय. तोवर तुमच्या तोंडाला कुलूप.

तुमची,
प्रज्ञा

•

कुडाळ
११ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. प्रज्ञा,

आशीर्वाद आहेतच, पण आधी शिव्या खा. इतके दिवस तोंडातून अवाक्षर नाही आणि आता म्हणे ओळीने वेण्या जमायला लागल्या. पत्र वाचून मी दोन गिऱ्हाइकं तशीच बसवून ठेवली आणि सगळ्या पार्लरला वाचून दाखवलं. माझी शिष्या दुबईत परीक्षा देणार. बावीस वर्षं मी नवऱ्या सजवते, पण मला कुणी कधी कार्ड दिलं नाही. इथे काय, फणी हातात आली की झालीस ब्यूटिशियन. वांजिरूबाई एका डोक्याचे किती घेतात ते गणूच्या दोस्ताला विचारलं. तीनशे दिऱ्हम, म्हणजे आपले जवळजवळ सात हजार. ऐकून मुक्ताबाईंच्या हातातला चहा सांडला.

मुक्ताबाई म्हणजे गंगावनवाल्या. आहेत अजून, डोळ्यांनी अधू झाल्यात पण बोटं शाबूत आहेत. म्हणाल्या, विकतचे केस कशाला, पोरीला सांग आपलं गुंतवळ जमव. विंचरताना फणीत येणारे केस टाकायचे नाहीत, बोटाला गुंडाळून डबीत ठेवायचे. आपल्या आया-आज्या तेच करायच्या, आणि तेच जमवून मुक्ताबाई एकेक केस सुटा करतात, मुळं एका बाजूला लावतात आणि गंगावन वळतात. एवढे गळतायत म्हणतेस तर दोन महिन्यांत मूठभर होतील. पाठव. पाण्याला खोबरेल तेल हाच उपाय. इकडून डबा पाठवते आहे, कंटाळा करू नकोस.

आणि एक ऐक. केस वर बांधून सलूनमध्ये जात जाऊ नकोस. वेणी घालणारणीचे हात गिऱ्हाईक नंतर बघतं, आधी तिची वेणी बघतं. तुझे कमरेखाली गेलेले केस, ते दाखव. घट्ट एक वेणी घाल आणि पाठीवर सोड.

आता एक कबुली. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुला माहीत आहे. परवा नीलेशचा फोन आला आणि निघून गेलं तोंडातून. बायको लायसन्स काढतेय, स्वतःच्या व्हिसावर जाणार, तू आता बस घरी भाकऱ्या थापत, असं म्हणाले. तो काही बोललाच नाही. आनंद झाला असणार. लहानपणापासून तो तसाच, मनात फार काही आलं की गप्प होतो. तुझं सरप्राइज मी बुडवलं, त्याबद्दल भेटशील तेव्हा माझा कान धर.

तुझी,
शोभना

•

अल नहदा
२० मार्च २०२४

शोभनावन्सं,

अक्षराला हसू नका. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कपाटाच्या सरकत्या दारात सापडली. एक मोडलं, दुसरं नुसतं सुजलंय. माझाच धांदरटपणा. नीलेशने स्वतः दवाखान्यात नेलं, डॉक्टरांशी तोच बोलला. येताना मला आवडतात म्हणून खजुराचे लाडू घेऊन दिले.

तुम्ही त्याला सांगितलंत त्याचं मी मनाला लावून घेतलेलं नाही. तुम्हीही लावू नका.

सलूनला थोडे दिवस गेले नाही. मग त्याची सकाळी साइटवर ड्यूटी लागली, तेव्हा पुन्हा गेले. वांजिरूने बोटं बघितली. उरलेल्या तीन बोटांनी केस कसे धरायचे ते तिने मला नव्याने शिकवलं. पहिल्या दिवशी सगळ्या ओळी वाकड्या आल्या. आता बऱ्या येतात. परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.

तुम्ही सांगितलंत तशी वेणी पाठीवर सोडते. सगळ्या म्हणतात छान दिसते.

सोबत गुंतवळाची पुडी आहे. पाण्याचा काही भरवसा नाही, त्यामुळे बरंच जमलं. पुडी तुम्ही स्वतः उघडा. मुक्ताबाईंकडे नंतर द्या.

प्रज्ञा

•

कुडाळ
३१ मार्च २०२४

प्रज्ञा,

पुडी मीच उघडली.

दुपारी दार लावून, पांढऱ्या टॉवेलवर. फणीत आलेला केस कसा असतो ते मी तुला शिकवलंय. एकेकटा असतो, गुंतलेला असतो, त्याच्या टोकाला कोरडा पांढरा ठिपका असतो. वय झालं म्हणून तो गळालेला असतो. तुझ्या पुडीत तसे केस थोडेच होते. बाकीच्या बटा होत्या. सगळ्यांची मुळं एका बाजूला, मुक्ताबाईंनी लावावीत तशी, आणि मुळांना ओलसर सालीसारखं काही चिकटून वाळलेलं. एका बटेला तर कातडी होती. टॉवेलवर रक्ताची खपली पडली. मी ती बोटाने उचलली.

मुक्ताबाई मागच्या दाराने आल्या होत्या. त्यांना दिसत नाही, त्यांनी नुसती एक बट चिमटीत धरली. म्हणाल्या, "ह्ये गळलेले न्हय गो बाय, ह्ये उपटलेले आसत. ह्येंचा गंगावन मी करूचंय नाय."

मला सांगायची गरज नव्हती. असे केस मी आधी बघितलेत. तुला हे घरात कुणी सांगितलं नसेल, कारण आमच्याकडे हे सांगत नाहीत. आमचे बाबा आईची वेणी हाताला दोन वेढे देऊन धरायचे. परड्यात धरायचे, चुलीपाशी धरायचे. एकदा पाहुणे जेवून उठले आणि ताटं उचलायच्या आत धरली. तिच्या उजव्या कानावर चार बोटं रुंद जागा होती, तिथे केसच नव्हते. शाळेत जायच्या आधी मी तिचे केस अशा तऱ्हेने वळवायचे की ती जागा दिसू नये. खोपा मी तेव्हा शिकले. पिना इतक्या जवळ जवळ खोचायच्या की कुणाच्या हाताला धरायला काही मिळू नये. लोक म्हणतात, शोभनाचा खोपा दोन दिवस हलत नाही. तो का हलत नाही ते कुणी विचारलं नाही.

आणि पिना कोण धरायचं? नीलेश. आईसमोर पाटावर बसून, ओंजळीत पिना घेऊन. मी मागितली की एकेक द्यायचा. म्हणून मला जास्त राग आलाय. बाहेरचा असता तर म्हटलं असतं, त्याला काय माहीत. ह्याला माहीत होतं. ह्या मेल्याने ती जागा बोटं लावून बघितली होती.

आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ बाबांची होती आणि तिच्यात केस आईचे होते. सव्वा लाख कुणाला मिळाले?

आणि मी तुला सांगितलं, वेणी पाठीवर सोड. मी त्याला फोनवर हसत हसत सगळं सांगितलं. ते बोट कपाटात सापडलेलं नाही, हे मला आता कळतंय. तुझी बोटं चिरडली की लायसन्स अडेल, हे फोनवर बढाया मारून त्याला मीच सुचवलं.

नीट ऐक. हे वाचलंस की कात्री घे आणि वेणी कापून टाक. मानेपाशी, एका फटक्यात. वाईट वाटून घ्यायला पुढे आयुष्य पडलंय. मग वांजिरूकडे जा आणि परत घरी जाऊ नकोस. तुझी नणंद सांगतेय, त्याची सख्खी बहीण सांगतेय. पुडी मी परत बांधून माझ्या खणात ठेवली आहे.

शोभना

•

अल मनखूल, बर दुबई
२ मे २०२४

शोभनाताई,

आता तुम्हाला वन्सं म्हणायचं का नाही ते मला कळत नाही, म्हणून ताई लिहिलं.

पुडी बांधताना मला माहीत होतं की तुम्हाला कळेल. लिहायला गेले की माझ्या हातून पाणीच लिहिलं जायचं. तोंडाला तीच सवय झाली होती. शेजारीण विचारायची, केस काय गं एवढे, मी म्हणायची, इथलं पाणी. ती म्हणायची, हो ना, माझेही. मग विषय शॅम्पूवर जायचा.

तुमचं पत्र गणूने एका सोमवारी सकाळी आणून दिलं. नीलेश साइटवर होता. वाचलं आणि कात्री आणून ओट्यावर ठेवली, पण कापवेना. म्हटलं, आजचा सराव करू आणि मग कापू. प्लास्टिकचं डोकं मांडलं होतं. कृत्रिम केसांच्या वेण्या झाल्या की त्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात, म्हणजे ती सुटत नाहीत. त्यासाठी गॅसवर पातेलं होतं. नीलेश दुपारीच परत आला. साइटवर काही बिनसलं असेल. आता मला त्याची कारणं शोधायची नाहीत.

त्याने आल्या आल्या माझी वेणी हाताला दोन वेढे देऊन धरली, तुम्ही लिहिलंत तशीच. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ओढत नेलं आणि हॉलमधून परत आणलं. ओट्याच्या कडेवर माझं कपाळ दोनदा आपटलं. डोळ्यात रक्त उतरल्यामुळे मला पातेलं लाल दिसत होतं. मग त्याने माझा उजवा हात मनगटाशी पकडला आणि पातेल्याकडे न्यायला लागला. सावकाश. म्हणाला, "या बोटांचीच मस्ती ना तुझी? हीच परीक्षा देणार ना?"

पाण्याची वाफ माझ्या बोटांना लागली. मोडलेलं बोट नुकतं सरळ होत होतं.

पातेल्याचा कान डाव्या हाताला लागला. नीलेश सगळ्यांना सांगतोय की मी पाणी फेकलं. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. ते सांडलं नाही, मी ओतलं. त्याच्या हातावर, वेणीवरून, मनगटापर्यंत. तो ओरडला पण वेणी सोडेना, कदाचित त्याला सोडता येईना. मी कात्री घेतली आणि मानेपाशी कापली. तो वेणी हातात गुंडाळून खाली बसला आणि मी चपला न घालता लिफ्टपर्यंत पळाले. रडू अजून आलेलं नाही. राग मात्र रोज येतो. भांग पाडायला शेपटीची फणी घेतली की येतो.

आता पुढचं. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं आणि तक्रार त्याची आधी नोंदली गेली. मला बोलावलं. ऑफिसर बाई चांगल्या होत्या, हिंदीत सांगायला शौकत नावाचा दुभाष्या दिला होता. बाईंनी माझ्या डोक्याकडे बोट केलं. शौकतने विचारलं, "ये बाल कैसे गए?" आणि ताई, माझ्या तोंडून निघालं, "पानी से."

पाणी त्याच्या हातावर पडलेलं, आणि मी म्हटलं पाण्याने. त्यांनी तसंच लिहून घेतलं. कपाळ आणि बोट त्यांनी बघितलं, पण बोटाच्या दवाखान्याच्या कागदावर कपाटाचं दार लिहिलंय, नीलेशनेच सांगितलेलं. आता कागदावर असं दिसतं की पाण्याने केस गळलेल्या, धांदरट बाईने नवऱ्याला भाजलं. तक्रार उभी असेपर्यंत माझे कागद पुढे सरकत नाहीत आणि कागद सरकले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. मालकीणबाईंनी गाठून दिलेल्या वकीलबाई म्हणतात, डॉक्टरला मुळं दाखवली की ओढलेले आणि गळलेले वेगळे कळतात. आणि नवऱ्याच्या बहिणीने लिहून दिलं तर त्याला फार वजन येईल.

माझी चूक अशी झाली की चौकीच्या बाहेर मी रागाने त्याला ओरडून म्हटलं, माझे केस तुझ्या बहिणीकडे आहेत. तो याच महिन्यात सुटी घेऊन गावी येतोय. हात दाखवायला नाही, पुडी न्यायला येतोय.

तुम्ही त्याला आईनंतर वाढवलंत. मी काही मागत नाही, असं लिहिणार होते. पण मागते. पुडी देऊ नका.

सध्या सलूनच्या मुलींच्या खोलीत वांजिरूच्या वरच्या पलंगावर झोपते.

प्रज्ञा

•

कुडाळ
१९ मे २०२४

चि. प्रज्ञा,

आज अक्षर माझं वाईट आहे. डावा डोळा बंद आहे, भुवईला टाके पडलेत. आधी हे वाच, मग बाकीचं: पुडी माझ्याजवळ आहे.

नीलेश मंगळवारी आला. हाताला बँडेज, चेहरा उतरलेला. तो लहान असताना ताप आला की माझ्याच मांडीवर झोपायचा. मी त्याला आंबोळ्या वाढल्या. खाऊन झाल्यावर म्हणाला, "ताई, ती बाई वेडी झालीय." आणि बॅगेतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत तुझी वेणी होती. बघ म्हणे, स्वतःचे केस कापून घेतले, शहाणी बाई असं करते का? त्याला माझ्याकडून लिहून हवं होतं की लग्नाच्या आधीपासूनच तुझे केस गळत होते. आणि ती पुडी जाळून टाक, म्हणाला.

मी म्हटलं, पार्लरमध्ये चल, पुडी तिथे खणात आहे. पार्लर बंद होतं. त्याला खुर्चीत बसवलं. म्हटलं, किती दिवसांत तेल नाही लावलंस, लावून देते. बसला निमूट. त्याने आजकालच्या फॅशनप्रमाणे पुढचे केस लांब ठेवलेत. मी तेल लावलं, चोळलं, त्याचे डोळे मिटले. मग ते केस मुठीत धरले आणि त्याची मान बेसिनच्या कडेवर मागे वाकवली. बावीस वर्षं मी केस ओढते, प्रज्ञा. किती ओढलं की दुखतं आणि किती ओढलं की निघतं ते माझ्या हाताला ठाऊक आहे. ओरडायला लागला. मी विचारलं, "आईच्या कानावरची जागा किती रुंद होती रे?" म्हणाला, सोड. मी आणखी ओढलं. "पिना तू धरायचास. किती बोटं?"

तो म्हणाला, "चार."

तो एक शब्द ऐकला आणि मी मूठ सैल केली. त्याला आठवत होतं. मला कुठेतरी वाटत होतं की विसरला असेल.

मी सोडलं तसा उठला आणि बऱ्या हाताने ड्रायर उचलून माझ्या तोंडावर मारला. पडले तर लाथ घातली. आरसा फोडला, ट्रॉली उलटवली, खण बाहेर ओढून सगळा जमिनीवर ओतला. पुडी त्यात नव्हती. ती मुक्ताबाईंच्या कमरेला होती, सकाळीच दिली होती. मी आंधळी माया करणारी बहीण असेन, पण बावळट नाही. तो मला शिव्या देत रस्त्यावर गेला तेव्हा अर्धा बाजार उभा होता. वाणी विचारत होता काय झालं. आईने सांगितलं असतं, घसरले. मी म्हटलं, "भावाने मारलं. बायकोलाही मारतो."

माझ्या मुठीत त्याचे केस राहिले होते. ते मी कुठल्या पुडीत बांधले नाहीत, झाडून टाकले.

वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. आईचं लिहिलं, फोनवर मी काय बोलले ते लिहिलं, माझ्या भुवईचंही लिहिलं आणि दवाखान्याचा कागद जोडला. गणूचा चुलतभाऊ उद्या निघतोय. त्याच्या हातात हे सगळं आणि अर्धी पुडी देते. अर्धी इथेच ठेवते, वाटेचा काय भरवसा.

पत्राच्या वर मी सौ. लिहिलेलं नाही. विसरले नाही.

दुसरं पार्सल मुक्ताबाईंकडून आहे. बॅग टाकून गेला त्यात तुझी वेणी राहिली. पोळलेला भाग कापून टाकावा लागला. बाकीचं त्यांनी दोन दिवस बसून वळलंय. उपटलेल्याचं करणार नाही म्हणाल्या होत्या, पण ही वेणी तू स्वतः कापलीस म्हणून केलं म्हणतात. परीक्षेला ने.

तुझी,
शोभनाताई

•

अल मनखूल
७ जुलै २०२४

शोभनाताई,

फोनवर सगळं सांगून झालं आहे, फोन आता माझा आहे. तरी हे लिहिते, कारण कालचं मला फोनवर सांगता आलं नाही.

डॉक्टरांनी मुळं बघितली, तुमचं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं आणि माझ्यावरची तक्रार बंद झाली, हे तुम्हाला माहीत आहे. परीक्षेत गंगावन लावून बारा ओळी घातल्या. मोडलेलं बोट वाकडंच राहिलंय, ते मध्येच अडत होतं. परीक्षक बाईंनी केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, इतके चांगले केस कुठून मिळाले. मी म्हटलं, माझे आहेत. त्यांनी माझ्या स्कार्फकडे बघितलं आणि पुढे गेल्या.

काल कार्ड आलं. माझं नाव, माझा फोटो, हुद्दा हेअर ब्रेडर. मालकीणबाईंनी लगेच खुर्ची दिली. वांजिरू म्हणाली, "यल्ला, चलो, खलास. अब तुम्हारा कस्टमर तुम बैठाओ."

पहिली बाई आपलीच निघाली, पुण्याची. तीस-बत्तीसची, गळ्यात लहानसं मंगळसूत्र, मोठ्या कंपनीचं ओळखपत्र. म्हणाली, काहीतरी असं घाला की केस भरगच्च दिसतील, उद्या ऑफिसची पार्टी आहे. मी भांग पाडायला फणी लावली. उजव्या कानाच्या वर बोटं थांबली. मी मोजलं. तीन बोटं रुंद जागा होती, आणि कडेला एक ताजी खपली.

तिने आरशात माझ्याकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, "इथलं पाणी फार खराब आहे, नाही?"

ताई, माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. हो ना, माझेही. तेवढंच म्हणायचं आणि खोपा घालायचा, पिना जवळ जवळ खोचायच्या. तुमच्या हातचं शिकलेय, दोन दिवस हलला नसता.

मी फणी खाली ठेवली. दाराला आतून कडी घातली, तिची खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि डोक्यावरचा स्कार्फ काढला.

प्रज्ञा